ढिगाऱ्याखाली लपवलेला खून वाचकाला पटेल का?

प्रश्न: मी १९४१च्या लंडनमध्ये घडणारी रहस्यकादंबरी लिहितेय. नायक खासगी गुप्तहेर. खुनी प्रेत बॉम्बने पडलेल्या इमारतीत टाकतो, म्हणजे हवाई हल्ल्यातला बळी वाटावा. हे पटेल का? मला उगाच ओढूनताणून काही नकोय.

उत्तर १: पटेल, कारण असं खरंच घडलंय. हॅरी डॉबकिनने १९४१ मध्ये बायको रेचेलचा खून करून प्रेत लंडनमधल्याच व्हॉक्सहॉल भागात, बॉम्बने पडलेल्या चॅपलखाली (छोट्या चर्चखाली) दडवलं. जुलै १९४२ मध्ये मजुरांना ते सापडलं. प्रेत तपासणारे डॉ. कीथ सिम्पसन यांना गळ्यातलं कूर्चेचं (मऊ हाडाचं) टोक मोडलेलं दिसलं. गळा दाबल्याची खूण. ओळख पटली दातांच्या डॉक्टरकडच्या नोंदींवरून. आणि प्रेतावर चुना टाकलेला होता! बॉम्बने मेलेल्यावर चुना कोण टाकेल? असा एक तपशील तुमच्या खुन्याकडूनही राहू द्या.

उत्तर २: पाठलाग मात्र पायी ठेवा. पेट्रोल रेशनवर, हवाई हल्ल्यांच्या भीतीने रस्त्यावर काळोख, टॉर्चच्या काचेलासुद्धा कागद लावलेला. मला त्यात पावलांचा आवाज फार महत्त्वाचा वाटतो.

उत्तर ३: रेशनचं पुस्तक विसरू नका. साखर, लोणी ते दाखवून ठरलेल्या दुकानातूनच मिळायचं. बेपत्ता बाई ‘गावी गेली’ असं लोक म्हणतात आणि तिचं पुस्तक घरातच पडलंय? गुप्तहेराने आधी त्या दुकानदाराला गाठावं.

प्रश्नकर्ती: पुस्तक घरातच! तिसरं प्रकरण आज रात्रीच बदलते. मनापासून आभार.