फॅस्टिडियस म्हणजे चोखंदळ का?

माझी एक मैत्रीण भाषांतरं करते, तिने परवा विचारलं की इंग्रजीतल्या फॅस्टिडियसला चोखंदळ लिहू का. तिच्या वाक्यातला माणूस टॉवेलची घडी मोडून पुन्हा पुन्हा घालतोय, चारही कडा जुळल्याशिवाय त्याचा पाय बाथरूममधून निघत नाही. मी म्हटलं चोखंदळ नको गं. चोखंदळ माणूस निवड करतो, दहातलं एक नेमकं उचलतो, आणि चोखंदळ वाचक म्हटलं की ते कौतुकच असतं. हा बाबा काही निवडत नाहीये, याला वाकडी कड बघवत नाहीये.

शब्दाच्या मुळाशीही तेच आहे. लॅटिनमध्ये फास्टिडियम म्हणजे किळस, तिटकारा. फास्टस म्हणजे ताठा आणि टीडियम म्हणजे वीट, हे दोन जुळून तो झाला असं बहुतेक अभ्यासक मानतात, आणि यातल्या दुसऱ्यापासूनच इंग्रजीतला टीडियस, म्हणजे कंटाळवाणा, आलाय. ताठा आणि वीट एकत्र, म्हणजे आपलं नाक मुरडणंच की! इंग्रजीत तो 15व्या शतकापासून सापडतो, आधी तुसडा, गर्विष्ठ अशा अर्थाने, मग 17व्या शतकात ज्याला पटकन किळस येते तो, आणि तिथून हळूहळू ज्याचं समाधान होणं मुश्कील तो. गंमत म्हणजे फ्रेंचमध्ये फास्टिडियू म्हणजे कंटाळवाणं, इटालियनमध्ये फास्टिडियो म्हणजे त्रास, वैताग. म्हणजे तिकडे वीट आणणाऱ्या गोष्टीला तो शब्द लागला आणि इंग्रजीत वीट येणाऱ्या माणसाला.

मेटिक्युलस, म्हणजे बारकाईने काम करणारा, त्याच्या शेजारचा वाटतो पण त्याचं मूळ मेटस, म्हणजे भीती, आणि इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ भित्रा असाच होता. आज ती शाबासकी आहे. मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो, कारण मेटिक्युलस माणूस चूक होऊ नये म्हणून जपतो आणि फॅस्टिडियस माणसाला चूक दिसली की अंगावर काटा येतो, बाहेरून दोघं सारखेच दिसले तरी.

पर्निकेटी मात्र निव्वळ किरकिऱ्या, तो स्कॉटलंडकडचा, अमेरिकेत त्याच्यात एक स घुसून पर्स्निकेटी झाला.

आता एक वापर असा आहे जिथे किळस अजिबात नाही. मायक्रोबायोलॉजीत फॅस्टिडियस जिवाणू म्हणतात, म्हणजे प्रयोगशाळेत जिवाणू वाढवायच्या साध्या पोषक माध्यमावर न वाढणारे. हिमोफिलस इन्फ्लुएंझा या जिवाणूला हिमिन आणि एनएडी ही रक्तातली दोन्ही द्रव्यं लागतात, एनएडी तांबड्या पेशींच्या आत अडकलेलं असतं म्हणून रक्त तापवून पेशी फोडतात आणि मगच तो नीट वाढतो. त्या माध्यमाला चॉकलेट अगार म्हणतात, रंगामुळे, चॉकलेट त्यात नसतं. इथे चोखंदळ चालेल, पण मी तरी नखरेल म्हणेन, कारण हे पाहिजे म्हणजे पाहिजेच असा तो हट्ट आहे.

टॉवेलच्या वाक्याचं म्हणाल तर आम्ही विशेषणाचा नाद सोडला. मराठीत ही छटा क्रियापदात जास्त चांगली बसते, खपत नाही, चालत नाही, बघवत नाही. तिने लिहिलं, ‘घडी जराशी वाकडी झालेली त्याला खपत नसे’, आणि ते वाचताना कुठे अडखळायला होत नाही.