लहान लेकरांना घेऊन परदेशी गेलात? पहिल्या वर्षाचे अनुभव इथे सांगा

सोनचाफा
काल भाचीचा फोन आला. जावयांना आइंडहोव्हनला नोकरी लागलीय. मोठा सहा वर्षांचा, धाकटी तीन. कुकर किती लिटरचा न्यावा, जूनमध्ये इथली शाळा सुरू करावी की थेट तिकडचीच, असं सगळं विचारत होती. मग एकदम म्हणाली, "मावशी, पोरं रुळतील ना गं?" फोन ठेवला आणि आमचं २०१७ सालचं बर्लिन आठवत राहिलं. म्हणून हा धागा.

आम्ही का गेलो ते आधी सांगते. घर सिंहगड रोडला, दोघांच्या नोकऱ्या हिंजवडीला. लेक उठायच्या आत बाबा बाहेर, तो परत येईपर्यंत ती झोपलेली. पैसे कमी पडत होते म्हणून नाही गेलो, आम्हाला संध्याकाळ हवी होती. ती मिळाली. साडेपाचला नवरा घरात आणि सहाला आम्ही तिघं बागेत, हे मला कितीतरी दिवस खरंच वाटत नव्हतं.

पण "पोरं काय, आपोआप रुळतात" हे जे सगळे सांगतात ना, त्यात मधले महिने कुणी सांगत नाही. लेक चार वर्षांची, घरात तोंडाची टकळी अखंड चालू. तिकडच्या बालवाडीत, म्हणजे किटात गेली आणि तिथे बोलायचीच थांबली. तिकडे मुलाला एकदम सोडून यायची पद्धत नाही. सुरुवातीला आई किंवा बाबाने वर्गात बसायचं. पहिले तीन दिवस मुलाला सोडायचंच नाही, चौथ्या दिवशी थोडा वेळ बाहेर जायचं. मूल बाईंकडे शांत झालं तर हळूहळू वेळ वाढवायचा, नाही तर पुन्हा मागे यायचं. मी त्या एवढ्याशा खुर्चीवर बसून बघायची. माझी पोर लाकडी आगगाडी हातात धरून नुसती दुसऱ्या मुलांच्या तोंडाकडे बघत असायची. पोटात खड्डा पडायचा. बाई म्हणायच्या, थांबा, ती साठवतेय.

आणि घरी? आंघोळ करताना बाहुलीवर ओरडायची, "नाइन! माइन्स!" नाही, माझंय! किटात पहिल्यांदा काय शिकायला लागलं असेल ते तेवढ्यात कळलं. वर्गात पहिलं वाक्य बोलली तेव्हा वसंत आला होता. त्यानंतर थांबली नाही ती आजतागायत.

तर भाचीसाठी आणि तिच्यासारख्या सगळ्यांसाठी लिहा. व्हिसा, टॅक्स कुठेही वाचायला मिळतं. पहिल्या वर्षात पोराचं काय झालं, तुमचं काय झालं, ते सांगा.

बोरकूट
मिसिसागा. जानेवारीत उतरलो. पोराला स्नो पँट, जॅकेट, टोपी, हातमोजे, बूट सगळं चढवून दाराशी आणलं की, "आई, शू." 😀

खडीसाखर
बोरकूट 😂😂 आणि दुसरा हातमोजा नेहमी हरवलेला!

बोरकूट
हो ना! बरं, आता नीट लिहिते, वरण उकळतंय तोवर. पोराचं सोपं गेलं. सरकारी शाळा घराजवळ, फी नाही, ऑन्टारिओमध्ये चौथ्या वर्षापासूनच बालवर्ग शाळेत असतो. पीआर (कायम राहण्याचा परवाना) घेऊन गेलो होतो म्हणून मुलांसाठीचा सरकारी भत्ताही सुरू झाला. हाल झाले ते नवऱ्याचे. भारतात टीम सांभाळणारा माणूस, आणि जिथे तिथे "कॅनडातला अनुभव नाही" हे उत्तर. गोदामात रात्रपाळी केली त्याने. सकाळी घरी यायचा आणि पोराला शाळेत सोडूनच झोपायचा. तेवढा रस्ता तो कधी चुकवायचा नाही. पोरगा आता दहावीत आहे, त्याला ते गोदाम आठवत नाही, बाबासोबत बर्फातून चालत गेलेलं आठवतं.

मला जगवलं ते तिथल्या वाचनालयाने. फुकट, उबदार, धाकटीसाठी गोष्टींचा तास, आणि शेजारी माझ्यासारखीच दमलेली कुणीतरी आई. भाचीला सांगा, गेल्या गेल्या वाचनालयाचं कार्ड काढ.

मालवणी_खाजा
कुकर पाच लिटरचा आणि इंडक्शनवर चालणारा बघून घ्या. रिंगा आणि शिट्ट्या जास्तीच्या. तिकडे भाड्याच्या घरात बरेचदा गॅस नसतो.

खडीसाखर
तूप नेऊ द्यायला हवं खरं 😔 युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. पेढे, खवा, तूप, सगळंच. मेतकूट, बाकरवडी, गोडा मसाला बिनधास्त न्या.

मालवणी_खाजा
लोणी तिकडे उत्तम मिळतं, तूप घरीच कढवा. बिनमिठाचं लोणी घ्या फक्त.

रानवारा
टोकियो, निशी-कासाई. इथे आपली माणसं इतकी आहेत की पहिल्याच आठवड्यात शेजारणीने पोहे आणून दिले. याच एडोगावा वॉर्डाच्या सभेवर २०१९ साली योगेंद्र पुराणिक निवडून आले, मूळ भारतातले, मराठी. तेव्हा आम्हाला कोण आनंद!

मुलाचं सांगते. पाळणाघरात रोज एक वही द्यावी लागायची. सकाळचा ताप किती, रात्री काय खाल्लं, किती वाजता झोपला, शी झाली का. मला जपानी येत नव्हतं, मी चित्रं काढायची. भाताचा वाडगा, त्यापुढे तीन दाणे, म्हणजे थोडंच खाल्लं. त्यांच्या बाई त्याखाली उत्तरादाखल चित्रं काढायच्या. त्या वह्या सगळ्या जपून ठेवल्यात.

आमचं खाणं शाकाहारी. महिन्याच्या जेवणाचा तक्ता आधी यायचा, मी एकेक ओळ फोनवर धरून वाचायची. ज्यात मासा तो पदार्थ घरून द्यायचा, दिसायला त्यांच्यासारखाच, म्हणजे पोराला वेगळं वाटू नये. सुरणाचे काप कटलेटसारखे कापले आहेत मी.

पहिलीपासून मुलं एकटी चालत शाळेत जातात. पहिल्या दिवशी मी गॅलरीतून ती पाठीवरची मोठी कडक पिशवी कोपऱ्यावरून वळेपर्यंत बघत होते. पण खरं सांगू, ही मोकळीक मी त्याला मुंबईत कधीच देऊ शकले नसते.

सोनचाफा
रानवारा, चित्रांची वही! किती गोड. फोटो टाक ना जमलं तर.

पावशेर
हाच मुद्दा. लाइफस्टाइल म्हणजे मोठी गाडी नाही. पोर एकटं खेळायला जाऊ शकतं का, फुटपाथवरून चालू शकतं का. मी चिंचवडला दोन पोरांना घेऊन रस्ता ओलांडताना जे अनुभवतो त्यावर वेगळा धागा काढावा लागेल.

मायआजी
मी सांगलीची. मी गेलेली नाही, माझी लेक गेली. न्यू जर्सीला. नातू दीड वर्षाचा होता. या धाग्यावर आजी-आजोबांचंही चालेल ना?
मी जाते तेव्हा सहा महिन्यांचा शिक्का मिळतो. त्या सहा महिन्यांत मी त्याला अंगाईपासून रामरक्षेपर्यंत सगळं देते. निघायची वेळ आली की लेक माझ्याकडे बघत नाही आणि मी तिच्याकडे. जावई चांगले आहेत, घर मोठं आहे, काही कमी नाही. पण लेक तापाने फणफणली तरी उठून पोराचं करायला तीच. इथे असती तर मी एसटीने रात्रीत पोचले असते. हेच मनाला लागतं.
नातू आता रविवारी मराठी शाळेत जातो, बृहन्महाराष्ट्र मंडळाचा अभ्यासक्रम आहे. बाराखडी मला फोनवर म्हणून दाखवतो. "ज्ञ" आला की थांबतो. मी पण थांबते.

सोनचाफा
मायआजी, नमस्कार. तुमचंच तर हवं होतं. माझी आई वाचतेय हे शेजारी बसून, डोळे पुसतेय.

खडीसाखर
आजी 🙏❤️

खानदेशी_मिरची
गोथेनबर्ग, स्वीडन. मायआजींनी लिहिलंय ते तंतोतंत. हाताशी माणूस नाही हेच सगळ्यात जड. पहिल्या हिवाळ्यात दोन्ही पोरं आलटून पालटून आजारी. एवढंच की इथे आजारी मुलासाठी आई किंवा बाबाला घरी राहता येतं आणि पगाराचा मोठा हिस्सा सरकार देतं. साहेबाला सकाळी एक मेसेज, बस. कुणी तोंड वाकडं करत नाही. पुण्यात मी याच कारणासाठी रजा मागताना दहा वेळा विचार करायची.

सासूबाई आल्या तेव्हा गंमत. पाळणाघराच्या अंगणात उणे तापमानात बाबागाड्या रांगेने उभ्या आणि आत पोरं गाढ झोपलेली! सासूबाईंनी आपल्या शाली काढून पांघरायला सुरुवात केली. बाईंनी समजावलं, आत लोकरीचं सगळं आहे आजी, बाहेरच्या हवेत छान झोपतात. सासूबाईंना पटलं नाही ते नाहीच.

एक मात्र सगळ्यांनी लिहून ठेवा. स्वीडनमध्ये शाळेत मातृभाषेचा तास मागता येतो. एका नगरपालिकेत त्या भाषेची निदान पाच मुलं हवीत आणि शिकवणारा मिळायला हवा. आम्ही गणपतीत आरतीला जमलेल्या घरांमधून मुलं गोळा केली. अर्ज भरायचे कागद प्रसादाबरोबर वाटले. शिक्षक मिळायला वेळ लागला, पण मिळाला. माझा धाकटा स्वीडनमध्ये जन्मला आणि शाळेच्या वेळापत्रकात त्याला मराठी आहे!

घाटमाथा
कमाल केलीत. हे आम्हाला माहीतच नव्हतं, आम्ही माल्मोला आहोत. व्यक्तिगत मेसेज करतो.

खानदेशी_मिरची
करा करा. आणि भरताची वांगी तिकडे कुठे मिळतात ते सांगा, इथली पाणचट आहेत.

पारिजात
दुबई. आमचं चित्र निराळं आहे. शाळा सीबीएसई, वर्गात निम्मी मुलं आपलीच, भाषेचा प्रश्नच नाही. मुंबईचं विमान तीन तासांचं, आई वर्षातून दोनदा येते. पण शाळेची फी भरमसाट आणि जून ते सप्टेंबर पोरं घरात कोंडलेली. इथे मुलं कितीही वर्षं राहिली तरी बहुतेकांचा व्हिसा आईबापांच्या नोकरीला बांधलेला. कोविडच्या वर्षी नवऱ्याच्या ऑफिसात कपात झाली तेव्हा मुलीने विचारलं, "आपलं घर कुठलं गं नक्की?" तेव्हापासून दर सुट्टीत महिनाभर साताऱ्याला नेतोच. विहीर, आंबे, चुलत भावंडं, सगळं.

परतीचा_पाऊस
आम्ही परत आलो. म्युनिकहून नाशिकला, मुलगा तिसरीत असताना. वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला आणि निर्णय एका रात्रीत झाला. त्याबद्दल खंत नाही.
कुणी परतायचा विचार करत असेल तर सांगतो, जाताना जे पहिलं वर्ष असतं ते येताना पुन्हा असतं. मुलगा वर्गात हात वर न करता थेट बाईंना प्रश्न विचारायचा, "हे असंच का?" त्यावरून तक्रार आली. बोलायला मराठी, पण लिहायला देवनागरी येत नव्हती. त्याच्या आजोबांचा उजवा हात गेला होता, ते डाव्या हाताने अक्षरं गिरवायचे आणि हा शेजारी बसून उजव्या हाताने. दोघांची एकच पाटी. दोघंही शिकले.

पावशेर
काय लिहिलंय राव.

सायकलवाली
आइंडहोव्हनच्या जवळच राहते, सोनचाफाताईंच्या भाचीसाठी लिहिते, ट्रेनमध्ये आहे.
चौथा वाढदिवस झाला की मूल शाळेत जाऊ शकतं, पाचव्यापासून सक्तीचं. म्हणजे धाकटीला थोडेच महिने पाळणाघर लागेल. तोवरचा खर्च नीट बघा, सरकारी मदत साधारण दोघंही कमावते असतील तरच मिळते. नवऱ्याचा व्हिसा कुशल कामगाराचा असेल तर तिला काम करता येतं, वेगळा परवाना नको. मोठ्याला कदाचित आधी नवागतांच्या वर्गात घालतील, तिथे भाषेवर भर असतो. घाबरू नका, उलट छान असतं, सगळीच मुलं नवी.
बुधवारी बहुतेक शाळा दुपारीच सुटतात. डब्यात पाव. माझ्या मुलाने पोळी-भाजीच हवी म्हणून हट्ट धरला, मग पोळीची गुंडाळी करून दिली, आता त्याचे मित्र मागतात.
आणि पोहणं! इथे जिथे तिथे कालवे. मुलं ए, बी, सी अशी पोहण्याची प्रमाणपत्रं घेतात, परीक्षेत कपडे-बुटांसकट पाण्यात उतरवतात. जागा मिळायला थांबावं लागतं, गेल्या गेल्या नाव घाला.

सोनचाफा
सायकलवाली, तुझे किती आभार मानू. सगळं तिला पाठवलं. ती विचारतेय, जन्मदाखल्याचं काय करायचं? आणि लसींची कार्डं चालतात का?

सायकलवाली
जन्मदाखल्यावर आधी बघा मुलाचं नाव आहे का. आपल्याकडे हॉस्पिटलमधून नोंद गेलेली असते तेव्हा बरेचदा नावाची जागा कोरी असते. महापालिकेतून नाव घालून इंग्रजी दाखला घ्या, मग मंत्रालयातून साक्षांकन, मग परराष्ट्र खात्याचा अपोस्टिल, म्हणजे दाखला परदेशात खरा धरला जावा म्हणूनचा शिक्का. याला वेळ लागतो, तिकिटाआधी हे.
लसींची कार्डं मूळ प्रत हातातल्या बॅगेत. इथे बालआरोग्य केंद्रात ती बघून राहिलेल्या लसी देतात.

घाटमाथा
जर्मनीला जाणाऱ्यांनी गोवराची लस बघाच. मार्च २०२० पासून तिचा पुरावा दिल्याशिवाय किटात घेत नाहीत. दोन वर्षांवरच्या मुलाला दोन डोस लागतात.

परतीचा_पाऊस
आणि जर्मनीत शाळा सुरू झाली की सुट्टीच्या आधी दोन दिवस पोराला काढून लग्नाला भारतात जायचं, हे विसरा. दंड होतो. म्युनिक ज्या राज्यात आहे त्या बायर्नमध्ये २०१८ साली पोलिसांनी विमानतळावर शाळकरी मुलांच्या आईबापांना गाठलं होतं. मुहूर्त सुट्टी बघूनच काढायला सांगा.

मायआजी
मुहूर्त काढताना आमच्या गुरुजींना आता तिकडचं शाळेचं वेळापत्रकच द्यावं लागतं. सोनचाफा, भाचीला सांग, पोरांची एकेक गोधडी ने. वजन होईल, पण ने.

मालवणी_खाजा
आजी, बरोब्बर. व्हॅक्यूमच्या पिशवीत घातली तर मावते. त्या पिशव्या तुळशीबागेत मिळतात, मोठा आकार घ्या.