हा ब्रॅकन आहे की दुसराच कुठला नेचा? कुंडीत ठेवू का?

कुंडीवेडी:
नमस्कार मंडळी, एका मैत्रिणीने तिच्या बागेतल्या नेच्याचा तुकडा दिलाय, म्हणाली ब्रॅकन आहे, जपून लाव, पसरतो. लावून दोनेक महिने झाले. गंमत म्हणजे जिथे लावला तिथे काहीच नाही, पार कुंडीच्या कडेला जाऊन एकेक पान वर आलंय, आधी मूठ वळल्यासारखं आणि मग उलगडून त्रिकोणी. आता तीन पानं आहेत, तिन्ही तीन जागी. नेटवर फोटो बघितले तर मला मेलं सगळं सारखंच दिसतं. खरंच ब्रॅकन असेल तर ठेवू की काढू? आणि दोन पानांची टोकं करपलीत ती कशामुळे?

सावलीतला:
नेच्याला काय लागतं, सावली आणि पाणी. भरपूर पाणी घाला. नाव कळून काय करायचंय.

रानवाट:
ताई, लगेच पाणी ओतू नका. टोकं कोरड्या हवेने करपतात तशी मुळं सडली तरी करपतात, आधी बोट दोन पेरं मातीत खुपसून बघा. आणि सावलीतलेदादा, नाव कळायलाच हवं ना, ब्रॅकनला ऊन चालतं, निचऱ्याची आम्लधर्मी माती लागते आणि कुंडीत तो रमत नाही, त्याच्या कुळातले बाकीचे मात्र सावलीत ओलसर मातीत मजेत राहतात.

पानाच्या आकारावर जाऊ नका, मी तिथेच फसलो होतो. कडेची माती जरा उकरा आणि ते आडवं पळणारं खोड बघा. केस आहेत की खवले? ब्रॅकनच्या कुळात, म्हणजे डेनस्टेडशिएसीत, केस असतात. माशासारखे चपटे खवले दिसले तर गडी दुसऱ्या घरचा. मग एखादं जुनं पान उलटं करून भिंगातून कड बघा. ब्रॅकनची कड सलग खाली दुमडलेली असते, शिवण घातल्यासारखी, आणि बीजाणू, म्हणजे ज्या भुकटीतून नवे नेचे उगवतात ते, त्या दुमडीखाली एका ओळीत. टेरिस म्हणून एक नेचा आहे त्याचीही कड अशीच दुमडते, पण त्याची पानं झुबक्याने येतात आणि बुडाशी खवले असतात. ब्रॅकनच्याच कुळातल्या हायपोलेपिसमध्ये सलग शिवण नसते, कडेचा एकेक छोटा दात वळून बीजाणूंच्या एकेका ठिपक्यावर पांघरूण घालतो.

कुंडीवेडी:
बघितलं!! खोडावर तपकिरी मऊ केस आहेत, खवले अजिबात नाहीत. पानाखाली दुमड काही नाही, कडेच्या जरा आत बारीक बारीक खिसे आहेत, शर्टाच्या खिशासारखे, तोंड कडेकडे. पानाला हात लावला तर खालून लव लागते. आणि माती खाली चिखल आहे 🙈

रानवाट:
मग ब्रॅकन नाही, त्याच्याच कुळातला मायक्रोलेपिया दिसतोय. खिसा अगदी कडेवरच असता आणि पेल्यासारखा असता तर त्याच कुळातल्या डेनस्टेडशियाचा विचार केला असता. नेमकी प्रजाती मी नुसत्या वर्णनावरून सांगणार नाही. ठेवा खुशाल. फक्त कुंडी बदला, खोल नको, पसरट घ्या, कारण खोड आडवं धावतं. कुजलेला पालापाचोळा आणि थोडी जाड वाळू मिसळा, खोड जेमतेम झाकेल एवढंच पुरा, खोल गाडलं की कुजतं. पाणी वरची माती सुकायला लागली की.

जुनी कुदळ:
सुटलात म्हणायचं. मी एकदा हौसेने खरा ब्रॅकन जमिनीत लावला होता. पहिलं वर्ष रुसून बसला, वाटलं मेला, नंतर वाफा ओलांडून पलीकडे निघाला. वरून कितीही कापा, खालच्या खोडात साठा असतो, पुन्हा येतोच. कोवळ्या पानांवर मुंग्या दिसायच्या, मला वाटायचं कीड लागली, पण त्याच्या पानांच्या सांध्यापाशी मध पाझरणाऱ्या ग्रंथी असतात, त्यासाठी येतात त्या. आणि एक, ब्रॅकनचे कोवळे कोंब कोणी खायला सांगितले तर नको म्हणा. त्यात प्टाक्विलोसाइड असतं, कॅन्सर करणारं, गुरांना त्याने मूत्राशयात गाठी होतात. शिजवल्याने कमी होतं, पूर्ण जात नाही.

कुंडीवेडी:
बापरे. मैत्रिणीला आत्ताच फोन करते, ती सगळ्यांना ब्रॅकन म्हणूनच वाटत सुटलीय. कुंडी उद्या बदलते. ते खिसे तपकिरी व्हायला लागलेत, त्यातून रोपं करता येतील का?

रानवाट:
येतील, पण धीर पाहिजे. पानाचा तुकडा पांढऱ्या कागदाच्या घडीत एकदोन दिवस ठेवा, कोरड्या जागी, पंख्याखाली नको. तपकिरी भुकटी पडेल. कागद तिरपा करून हलकेच टिचकी मारा, कचरा घसरतो आणि खरे बीजाणू कागदाला चिकटून राहतात. उकळत्या पाण्याने भिजवून गार केलेल्या कोकोपीटवर भुरभुरा, वर काच ठेवा, उजेड द्या, थेट ऊन नको. काही आठवड्यांनी हिरवी साय धरल्यासारखं दिसेल, शेवाळ समजून फेकू नका (मी फेकलंय). त्यातून हृदयाच्या आकाराच्या नखाएवढ्या चकत्या होतात, त्यांच्यावर पाण्याचा फवारा मारत राहा, पाण्याचा थर असल्याशिवाय पुढचं फलन होत नाही. मग कुठे पहिलं पान. तोवर खोडाचा एक तुकडा, डोळा असलेला, वेगळा लावून ठेवा, तो आधी फुटेल.

सावलीतला:
बरं, पाण्याचं माझं चुकलं. मीही आज आमच्याकडचा नेचा उकरून बघितला, खवलेच खवले आहेत. आता हा कोण?