‘ऑथेल्लो’मधला ‘ऑनेस्ट’ : नुसते ‘प्रामाणिक’ म्हणून भागेल का?

चर्चाप्रस्ताव
शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’ नाटकात ‘ऑनेस्ट’ आणि ‘ऑनेस्टी’ हे शब्द मिळून ५२ वेळा येतात, अशी मोजदाद समीक्षक विल्यम एम्प्सन यांनी केली आहे. आजचा वाचक तिथे सरसकट ‘प्रामाणिक’ असा अर्थ घेतो आणि नाटकाची धार बोथट होते. १६०४च्या सुमाराच्या इंग्रजीत हे विशेषण स्त्रीला लावले, की त्याचा रोख बहुधा तिच्या शीलाकडे असे. चौथ्या अंकात डेस्डिमोना तिच्या शीलाचा संशय घेणाऱ्या नवऱ्याला, ऑथेल्लोला, म्हणते, की आपण मला ‘ऑनेस्ट’ मानता अशी माझी आशा आहे; त्यावर तो उत्तरतो, ‘हो, खाटीकखान्यातल्या उन्हाळी माश्यांइतकी.’ शीलाचा अर्थ ठाऊक नसेल, तर हे उत्तर निव्वळ बरळणे वाटेल. तेव्हा संहितेखाली टीप हवीच.

प्रतिसाद : असहमत
पहिल्या अंकाच्या शेवटी ऑथेल्लोचा कपटी निशाणबरदार इयागो स्वगतात म्हणतो, की जे नुसते तसे दिसतात त्यांनाही हा भोळा सेनापती (ऑथेल्लो) ‘ऑनेस्ट’ समजतो. इथे ‘प्रामाणिक’ हाच अर्थ चपखल बसतो. इयागोची बायको इमिलिया तर डेस्डिमोनाविषयी ‘ऑनेस्ट, चेस्ट (शीलवती) अँड ट्रू’ असे म्हणते. पहिल्याच शब्दात शील आले असेल, तर दुसरा कशाला? शिवाय देवलांचा ‘झुंझारराव’ (१८९०), म्हणजे ‘ऑथेल्लो’चेच मराठी रूपांतर, प्रेक्षकांनी पाहिला, तो काही टिपा चाळत नव्हे.

प्रस्तावकाचे उत्तर
एकाच अर्थाचे शब्द जोर देण्यासाठी ओळीने मांडणे ही त्या काळच्या भाषेची रीतच होती, त्यामुळे इमिलियाच्या वाक्याने आपला मुद्दा सिद्ध होत नाही. स्वगतातला अर्थ मला मान्यच आहे, किंबहुना पेच तिथेच आहे: ‘ऑनेस्ट’ इयागोच्या साक्षीवरून डेस्डिमोनाची ‘ऑनेस्टी’ ठरवली जाते आणि पुरुषाचा खरेपणा व स्त्रीचे शील एकाच शब्दाने तोलले जाते. मराठीत दोन शब्द वापरले, की हा पेच दिसेनासा होतो.

आणखी एक प्रतिसाद
शीलावरून एवढा वाद चालला असताना तिसरी छटा मात्र बाजूलाच राहिली. हाताखालच्या माणसाला ‘ऑनेस्ट’ म्हणणे ही वरून दिलेली शाबासकी असे, ‘भला गडी’ म्हणावे तशी. लेफ्टनंटची जागा कॅसिओला मिळाली, इयागो निशाणबरदारच राहिला, आणि ऑथेल्लो येताजाता त्याला ‘ऑनेस्ट इयागो’ म्हणतो, तोच कॅसिओही तसेच म्हणतो. या शब्दाने इयागोला दर वेळी त्याची पायरी दाखवली जाते. त्याच्या द्वेषाचे मूळ शोधणाऱ्यांनी आधी ही हाक ऐकावी. टीप द्यायचीच असेल, तर ती इथे द्या.