मदत हवी आहे: दुपारी चारनंतर टचस्क्रीनच्या अंगात येतं

प्रदर्शनवाला:
मंडळी, एका छोट्या प्रदर्शनासाठी ५५ इंची स्क्रीन उभी केली आहे. काचेवर बोट लावून नकाशा बघायचा आणि वर बसवलेल्या डेप्थ कॅमेऱ्यासमोर (समोरच्या वस्तूचं अंतर मोजणारा कॅमेरा) हात हलवून पानं उलटायची, असा बेत. सकाळी सगळं सुरळीत असतं. दुपारचे चार वाजले की कुणी हात लावलेला नसतानाही उजव्या बाजूला टच होतात, नकाशा दोन बोटांनी ताणल्यासारखा आपोआप मोठा होतो. कॅमेऱ्याला तर समोर माणूस उभा आहे हेच कळेनासं होतं.

ड्रायव्हर नव्याने टाकला, यूएसबी केबल बदलली, कॅलिब्रेशन तीनदा केलं. तापत असेल म्हणून पंखा लावला. प्रोग्रामच चुकलाय असं वाटून दोन रात्री जागून टचचा भाग पुन्हा लिहिला, ते वेगळंच. काल एक माशी काचेवर बसली आणि मेनू उघडला! आता काय करू?

खटपट्या:
अर्थिंग बघितलंत का? चार्जर लावला की माझा फोन असाच बोट न लावता टाइप करत सुटतो. अडॅप्टर बदलला आणि थांबलं.

जुना_तंत्री:
फोनचं वेगळं आहे हो. फोनची काच कपॅसिटिव्ह. बोट जवळ आलं की तिथली विद्युत धारकता किंचित बदलते, तेवढाच बदल ती मोजते. म्हणून चार्जरमधला नॉइज, म्हणजे विजेतली बारीक गडबड, तिला छळतो. पण माशीएवढ्या जिवाने तिला सहसा काही फरक पडत नाही. इथे माशीनेच चहाडी केली आहे.

प्रदर्शनवाला, पेन्सिलची मागची बाजू टेकवून बघा. आणि बोट काचेला लागायच्या किंचित आधीच टच होतो का, तेही सांगा.

प्रदर्शनवाला:
दोन्ही होतंय. पेन्सिल सोडा, सदऱ्याची बाही घासली तरी चालतं.

जुना_तंत्री:
मग तुमची स्क्रीन इन्फ्रारेड चौकटीची आहे. काच साधीच असते, सगळा कारभार कडेच्या पट्टीत. दोन कडांना बारीक एलईडींची रांग, समोरच्या कडांना रिसीव्हर, आणि काचेवर न दिसणाऱ्या इन्फ्रारेड किरणांची आडवी-उभी जाळी. बोटाने दोन्हीकडचे किरण अडले की जागा सापडते. मात्र किरण बोटाने अडला की माशीने, हे तिला कळत नाही.

आता चार वाजता काय होतं ते बघा. माझा अंदाज, खिडकीतून तिरपं ऊन पडत असणार. उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतं. ते थेट रिसीव्हरवर पडलं की ते भांबावतात आणि नसलेली बोटं दाखवू लागतात. कॅलिब्रेशनने फक्त बोटाची जागा आणि चित्राची जागा यांचा मेळ बसतो, त्यामुळे इथे ते शंभरदा केलंत तरी उपयोग नाही.

कॅमेऱ्याचं दुखणंही तेच. २०१० साली आलेला पहिला किनेक्ट (मायक्रोसॉफ्टचा डेप्थ कॅमेरा) इन्फ्रारेड ठिपक्यांची नक्षी समोर फेकायचा आणि ती कशी विस्कटते त्यावरून अंतर काढायचा. उन्हात ती नक्षी पार पुसून जाते. पुढचा, २०१३ चा किनेक्ट प्रकाश जाऊन परत यायला लागणारा वेळ मोजतो. तो थोडा जास्त तग धरतो, पण थेट उन्हापुढे त्याचंही काही चालत नाही. तुमचा या दोन्हींपैकी कोणत्याही जातीचा असला तरी उन्हात बिथरणारच.

एक मोठा पुठ्ठा घ्या, चार वाजता खिडकीच्या बाजूने आडवा धरा आणि बघा.

विजेचा_किडा:
+१. पुठ्ठा धरायच्या आधी कडेची पट्टी कोरड्या मऊ कापडाने पुसून घ्या. आमच्याकडे एकदा चौकटीच्या खाचेत कोळिष्टक अडकलं होतं. आठवडाभर आम्ही सॉफ्टवेअरला शिव्या घालत होतो.

हातवारेवाली:
ऊन अडवल्यावर पुढची डोकेदुखी आत्ताच सांगून ठेवते. पान उलटायला लोक हात उजवीकडून डावीकडे नेतात, मग हात जागेवर आणतात. मशीनला हा परतीचा हातही इशाराच वाटतो, आणि उलटलेलं पान पुन्हा मागे येतं! एक इशारा ओळखला की पुढचा अर्धा-पाऊण सेकंद काहीच ऐकू नका. हात खांद्याच्या बराच पुढे असेल तेव्हाच मोजा, नाहीतर कुणी चष्मा सावरला तरी पान उलटेल. हात खांद्याच्या वर धरून ठेवायला लावू नका, दोन मिनिटांत दंड भरून येतात. खरं सांगायचं तर एवढ्या जवळ उभ्या माणसाला टच पुरेसा असतो, हवेतले इशारे मी तरी काढून टाकले असते.

साध्या वेबकॅमवर मीडियापाइप हे गूगलचं सॉफ्टवेअरही वापरून बघा. ते हाताचे २१ बिंदू शोधतं, इन्फ्रारेडची गरज नाही. फक्त माणसाच्या पाठीमागून खिडकीचा उजेड नको, हात काळा दिसतो.

प्रदर्शनवाला:
अपडेट: पुठ्ठा धरला आणि टच जागच्या जागी थांबले. बाजूला केला की पुन्हा सुरू. चार वेळा करून बघितलं, मदतनीस मुलगा हसायला लागला. खाचेत कोळिष्टक नव्हतं, पण पॅकिंगच्या चिकटपट्टीचा तुकडा निघाला.

कॅमेरा मात्र पुठ्ठ्यानेही पूर्ण सुधारला नाही, गुळगुळीत फरशीवरून ऊन त्याच्या डोळ्यात जातंय. स्क्रीन खिडकीकडे पाठ करून फिरवता येईल का?

जुना_तंत्री:
तसं केलंत तर कॅमेरा खिडकीकडे पाठ करेल, पण टचच्या कडा उन्हात येतात की नाही ते चार वाजताच बघा. त्यापेक्षा खिडकीला जाड पडदा लावा. पातळ नको, पातळ कापडातून इन्फ्रारेड बऱ्यापैकी आत येतं.

प्रदर्शनवाला:
पडदा शिवायला टाकला. तोवर पुठ्ठा.