सुया टोचल्या म्हणून मेथोट्रेक्सेट बंद?

तुमच्या आईच्या संधिवातासाठी (आमवात, म्हणजे रुमॅटॉइड; मेथोट्रेक्सेट ही त्यावरचीच गोळी) ॲक्युपंक्चर करून बघायला हरकत नाही, पण "सूज मुळापासून जाते, गोळ्या सोडा" असं जे त्यांना सांगितलं गेलंय, ते मला पटत नाही.

या दाव्यामागे बहुधा २०२१ साली 'नेचर'मध्ये आलेलं संशोधन असतं. हार्वर्डच्या चिउफू मा यांच्या गटाने उंदरांना जिवाणूचं विष टोचून सूज आणली आणि मागच्या पायातल्या 'झूसानली' बिंदूला सुईतून अगदी सौम्य वीज दिली. (माणसात हा बिंदू गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं, नडगीच्या हाडाच्या जरा बाहेर.) तिथल्या ठरावीक चेतातंतूंतून संदेश व्हेगस नसेपर्यंत (मेंदूतून पोटापर्यंत जाणारी नस) गेला, मूत्रपिंडावरची ॲड्रिनल ग्रंथी जागी झाली आणि सूज वाढवणारी द्रव्यं घटली. तीच वीज पोटावर दिली तर परिणाम शून्य! म्हणजे जागा महत्त्वाची, हे खरं. पण ती अचानक भडकलेली सूज होती, वर्षानुवर्षांचा आमवात नव्हे.

वेदनेचं वेगळं. ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या 'नाइस' संस्थेने २०२१ मध्ये जुनाट प्राथमिक वेदनेसाठी (जिचं दुसरं स्पष्ट कारण सापडत नाही अशी) ॲक्युपंक्चरचा विचार करायला सांगितलं, आणि पुढच्याच वर्षी ऑस्टिओआर्थ्रायटिससाठी, म्हणजे झिजेच्या संधिवातासाठी, देऊ नका म्हटलं. घ्या!

तेव्हा दुखणं कमी वाटलं तरी ईएसआर, सीआरपी (सूज दाखवणाऱ्या रक्तचाचण्या) तपासत राहा. सांधा आतून झिजणं दुखण्याची वाट बघत नाही. सुया एकदा वापरून फेकायच्याच हव्यात, पाकीट समोर फोडायला सांगा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सुया टोचणाऱ्याला आधी सांगून टाका.