एल्डन रिंग: अवघडपणा मान्य, पण लपवाछपवी कशासाठी?

माळरान:
एल्डन रिंग हा व्हिडिओ गेम फेब्रुवारी २०२२ मध्ये आला, जून २०२४ मध्ये शॅडो ऑफ द एर्डट्री हे एक्स्पान्शनही (गेमला जोडलेला नवा भाग) येऊन गेलं, तरी "डिफिकल्टीचा पर्याय द्यायला हवा होता" हे पालुपद संपत नाही. मला ते मुळातच पटत नाही. पर्याय आहे. तो मेनूत नसून नकाशावर आहे, एवढंच.

सुरुवातच बघा. भुयारातून वर येऊन लिमग्रेव्ह या पहिल्या प्रदेशात पाऊल टाकलं की समोर सोनेरी चिलखतातला घोडेस्वार, ट्री सेंटिनेल. नवखा माणूस अंगावर धावून जातो आणि लगेच आडवा होतो. पण त्याला हरवल्याशिवाय पुढे जाता येणार नाही असं कुणी सांगितलंय? बाजूने वळसा घालून एलेच्या चर्चपर्यंत जा, पुढे टॉरंट हा घोडा मिळतो, मग सवडीने परत या. स्टॉर्मव्हिल किल्ल्याच्या वेशीवर मार्गिट हा बॉस (मोठा शत्रू) काठी उगारतो आणि हवेत तशीच धरून ठेवतो. आपण घाबरून आधीच रोल मारतो, म्हणजे चुकवायला कोलांटी घेतो, आणि उठता उठता ती डोक्यात बसते. जमत नसेल तर दक्षिणेला वीपिंग पेनिन्सुला अख्खा मोकळा पडलाय. तिथे चार लेव्हल वाढवा, स्मिदिंग स्टोन गोळा करून हत्यार पक्कं करा, स्पिरिट ॲशेस, म्हणजे मदतीला येणारे आत्मे, सोबतीला घ्या. तोच मार्गिट मग आटोक्यात येतो. कुठे लढायचं आणि कुठून काढता पाय घ्यायचा हे खेळणाऱ्यावर सोडणं ही दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी आणि त्यांची कंपनी फ्रॉमसॉफ्टवेअर यांची सगळ्यात मोठी कमाई आहे.

आणि शोधाचा आनंद! मिस्टवूडच्या जंगलात एका पडक्या इमारतीत लिफ्ट आहे. ती खाली जाते, जाते, जातच राहते. बाहेर पडलं की जमिनीखाली ताऱ्यांनी खच्चून भरलेलं आकाश. सिओफ्रा नदी. तिथे जा असं कुणीही सांगितलेलं नसतं.

केतकी:
लेंडेल शहरापर्यंत तुमचं अक्षर न् अक्षर मान्य. पण तुम्ही निम्म्याच गेमबद्दल बोलताय. शहर संपलं की माउंटनटॉप्स ऑफ द जायंट्सचा बर्फ लागतो आणि वळसा घालायची सोय जवळजवळ संपते. फायर जायंट या बॉसला मारल्याशिवाय फारुम अझुला हा पुढचा भाग नाही, तिथे मालिकेथ या बॉसला मारल्याशिवाय पुढचं काही नाही. तोपर्यंत बाकीचा नकाशा आपण पालथा घातलेला असतो. मग "दुसरीकडे जा" म्हणजे नेमकं कुठे?

शिवाय मोठ्या नकाशाची किंमत मोजावी लागलीच आहे. कॅटाकूम्ब्ज, म्हणजे जमिनीखालची थडगी, आठवा. तीच दगडी भिंत, कोपऱ्यात दबा धरून बसलेले तेच इम्प, तीच लिव्हर आणि तिने उघडणारं तेच दार. एर्डट्री अवतार हा बॉस किती ठिकाणी भेटतो? गॉड्रिकसारखा मानाचा बॉस गॉडफ्रॉय या नावाने एका एव्हरगोलमध्ये (जादूच्या तुरुंगात) पुन्हा उभा केलाय. सगळ्यात जास्त खुपतं ते ॲस्टेल या बॉसचं. रानी या पात्राच्या गोष्टीत, लेक ऑफ रॉटच्या पलीकडे, तो पहिल्यांदा अंधारातून उतरतो तेव्हा अंगावर काटा येतो. आणि मग बर्फातल्या एका खाणीत तसाच दुसरा, ना गोष्ट ना कारण. पहिल्या भेटीची सगळी जादू तिथे उतरते.

दर्यावर्दी:
केतकींना +१. मात्र माझी मुख्य तक्रार वेगळी आहे. अवघड असणं वेगळं आणि माहितीच न देणं वेगळं. मिलिसेंट या पात्राची क्वेस्ट (उपकथा) घ्या. केलिडच्या दलदलीत कमांडर ओ'नीलला मारून सुई मिळवायची, ती गाउरीला द्यायची, मग चर्चमध्ये मिलिसेंटला. मग तिचा कृत्रिम हात पार शेडेड कॅसलमध्ये. मग ती अल्टसमध्ये, मग पवनचक्क्यांच्या गावात, मग बर्फात, मग हॅलिगट्रीमध्ये. मधला एखादा टप्पा चुकला की धागा तुटतो आणि गेम अवाक्षर काढत नाही. विकी उघडल्याशिवाय हे पुरं करणारे किती असतील? मार्च २०२२ च्या पॅचमध्ये (गेमच्या अपडेटमध्ये) पात्रांच्या खुणा नकाशावर आल्या, म्हणजे बनवणाऱ्यांनाही ते जाणवलंच होतं.

आणि पॉजचं साधं बटण का नाही? ऑनलाइन नसतानाही? घरात लहान मूल असेल, दाराची बेल वाजली, तर मरा. यात कसलं आव्हान आहे?

माळरान:
पॉजबद्दल वाद घालणार नाही, तो असायलाच हवा होता. पण क्वेस्टची यादी नको म्हणजे नकोच. यादी आली की माणूस जग बघायचं सोडून बाण बघत चालतो. ब्लाइड या पात्राची भेट आठवा. मिस्टवूडमध्ये लांडग्याची आरोळी ऐकू येते. ती ऐकल्यावर व्यापारी कालेकडे गेलं की तो चुटकी वाजवायला शिकवतो. परत जाऊन चुटकी वाजवली की पडक्या भिंतीवरून तो खाली उडी मारतो. यादीत "ब्लाइडला भेटा" असं लिहिलं असतं तर ती आरोळी कुणी कान देऊन ऐकली असती?

दर्यावर्दी:
हे तर माझ्याच बाजूचं उदाहरण झालं. ब्लाइडचा दुवा जगातच ठेवलेला आहे: आवाज ऐकू येतो, विचारायला माणूस आहे, उत्तर मिळतं. मिलिसेंट पुढे कुठे जाणार याचा असा दुवा बहुतेक टप्प्यांवर नाही. मी यादी मागतच नाहीये. सगळ्या क्वेस्ट ब्लाइडच्या भेटीसारख्या असाव्यात, एवढंच म्हणणं आहे.

निशाचर:
मलेनिया या बॉसबद्दल अजून कुणीच बोललं नाही? तिचा वार लागला की तिचं आयुष्य वाढतं, ढालीवर झेलला तरीही. म्हणजे ढाल घेऊन सावकाश खेळणाऱ्याची पद्धतच बाद. त्यात तिचा तो वॉटरफाउल डान्स हा हल्ला: हवेत उचलली जाते, क्षणभर थांबते आणि वारांचा पाऊस. जवळ असताना तो चुकवायची रीत पहिल्या नजरेत कळण्यासारखी नाहीच. मार्गिट चुका दाखवून शिकवतो, मलेनिया नुसती शिक्षा करते. ती ऐच्छिक आहे हे ठाऊक आहे, पण मिलिसेंटची अख्खी कहाणी तिच्याच दारात नेऊन सोडते, मग वगळायची कशी?

माळरान:
पण तिच्यामुळेच लेट मी सोलो हरसारखा खेळाडू पुढे आला ना! डोक्यावर मडकं, अंगावर जवळपास काही नाही, दोन कताना तलवारी, आणि अनोळखी लोकांच्या जगात जाऊन त्यांच्यासाठी मलेनियाला एकट्याने हरवणं. बॉस इतकी कठीण नसती तर ही मदत मागायची वेळच कुणावर आली नसती. समन करणं, म्हणजे दुसऱ्या खेळाडूला मदतीला बोलावणं, हाही गेमने दिलेला रस्ताच आहे, त्यात कमीपणा मानणाऱ्यांना मी ओळखत नाही.

एक्स्पान्शनमध्ये तर माझा मुद्दा आणखी पक्का होतो. तिथे ताकद वाढते ती मुख्यतः स्कॅडुट्री फ्रॅगमेंट्सनी, आणि ते नकाशाभर विखुरलेले. जो फिरतो तो बळकट होतो.

केतकी:
मग एक सांगा. नकाशा हाच पर्याय असेल तर एक्स्पान्शन आल्यावर त्याच महिन्यात त्या फ्रॅगमेंट्सचा सुरुवातीचा परिणाम पॅचने का वाढवावा लागला? आणि सप्टेंबर २०२४ मध्ये एक्स्पान्शनचा शेवटचा बॉस रादान याला का नरमवलं? नकाशाने भागत नव्हतं म्हणूनच ना? तो बदल सगळ्यांवर लादला गेला, ज्यांना मूळचा रादान हवा होता त्यांच्यावरही. पर्याय दिला असता तर दोघांचं भागलं असतं.

माझ्या हातात असतं तर मी निम्मे कॅटाकूम्ब्ज काढले असते, दुसरा ॲस्टेल काढला असता आणि वाचलेली मेहनत बर्फाळ भागाला सिओफ्रासारखी एखादी जागा द्यायला लावली असती. लिमग्रेव्ह ज्या हाताने घडवलाय त्याच हाताने माउंटनटॉप्सही घडवता आला असता, म्हणून एवढा राग येतो.